गिअर पडत नाही? आधी इंजिन बंद करून बघा

गिअरचा दांडा पहिल्याकडे ढकलला आणि तो मध्येच अडला, की नवा चालक दोन गोष्टी हमखास करतो. आणखी जोर लावतो आणि गिअरबॉक्स गेला असं मनाशी ठरवून टाकतो. जोर लावल्याने गिअरचे वेग जुळवणाऱ्या आतल्या पितळी सिंक्रो रिंग घासतात, केबल ताणली जाते आणि केबलच्या टोकाच्या एका निखळलेल्या बुशपुरता असलेला बिघाड वाढत जातो. गिअरबॉक्सवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. मॅन्युअल गाडीत आधी क्लच आणि दांड्याची जोडणी तपासायची, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचा स्विच आणि बॅटरी.

गाडी रस्त्यात अडली असेल तर आधी चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, प्रवाशांना रहदारीपासून लांब उभं करा. उतारावर असाल तर चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. गिअर पडत नाही म्हणजे गाडीला गिअरमध्ये ठेवून अडवून धरण्याची सोयही गेलेली असते, हे विसरायचं नाही.

पहिली तपासणी (मॅन्युअल गाडी)

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिला कोणतंही हत्यार लागत नाही.

१. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. क्लच तळापर्यंत दाबा आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर एकेक करून टाका.

२. एखादा गिअर अडला तर लगेच निष्कर्ष काढू नका. थांबलेल्या गाडीत कधी कधी दातासमोर नेमका दातच येतो. न्यूट्रलला या, क्लच सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा टाका. तरी अडला तर पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक सोडा, गाडी वीतभर पुढे-मागे सरकू द्या आणि परत बघा.

३. आता न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा. क्लच पूर्ण दाबून पाच सेकंद थांबा आणि मग पहिला टाका.

४. पुन्हा न्यूट्रल, क्लच दाबून पाच सेकंद, आणि मग रिव्हर्स. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच जरासाही अडकत असेल तर इथे खरखर ऐकू येतेच.

निकाल असा वाचायचा. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, पण चालू असताना एकही पडत नाही किंवा दात घासल्याचा आवाज येतो, तर क्लच सुटत नाही. बंद आणि चालू, दोन्ही वेळा दांडा अडतो किंवा नुसताच सैल फिरतो, तर दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामधली केबल किंवा जोडणी बघायची. एखादाच गिअर त्रास देत असेल तर त्या गिअरचा सिंक्रो किंवा गिअर सरकवणारा फोर्क. आणि सगळे गिअर पडतात पण गाडी जागची हलत नाही, ही तक्रारच वेगळी आहे: क्लच प्लेट पार झिजलेली असेल किंवा ड्राइव्ह शाफ्ट निखळलेला असेल.

इंजिन बंद केल्यावर फरक का पडतो? क्लच दाबला की प्रेशर प्लेट मागे सरकते आणि फ्लायव्हील व क्लच प्लेट एकमेकांपासून सुटतात. गिअरबॉक्सची इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनाकडून फिरणारी दांडी, मग मोकळी होते. सिंक्रो रिंग तिचा वेग पुढच्या गिअरच्या वेगाशी जुळवते आणि गिअर बसतो. क्लच अर्धवट सुटला तर इंजिन त्या शाफ्टला फिरवतच राहतं. बिचारी पितळी रिंग इंजिनाशी कुस्ती कशी खेळणार? इंजिन बंद केलं की शाफ्ट थांबते आणि तोच गिअर विनातक्रार पडतो.

एक जोडतपासणी: मिनिटाला ७०० ते ९०० फेरे हा इंजिनाचा नेहमीचा आयडल असतो. तो चढून १२०० च्या वर राहिला असेल, तर चांगला क्लचही थोडा कुरकुरतो. टॅकोमीटरकडे एक नजर टाका.

क्लच सुटत नसेल तर

सुरुवात पायाखालून करा. चटई गोळा होऊन पेडलच्या मागे अडकली असेल किंवा एकावर एक दोन चटया असतील, तर पेडल शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर जातच नाही, आणि क्लच सुटतो तो नेमका त्या टप्प्यात. रिकामी पाण्याची बाटलीही हेच करते. हसू येईल, पण चटई उचलून बघायच्या आधी गाडी टो करून नेऊ नका.

मग पेडल काय सांगतं ते पायाने ओळखा.

पेडल तळाला पडून राहतं, वर येतच नाही: हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणारा क्लच असेल तर ऑइल गळालंय किंवा सिलिंडरचं सील गेलंय, केबलचा असेल तर केबल तुटली. पेडल स्पंजासारखं लागतं आणि भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर गिअर पडतो: नळीत हवा आहे किंवा पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरचं सील आतून दाब सोडतंय. पेडल दगडासारखं जड झालंय: केबल गंजली, क्लच सोडवणाऱ्या रिलीज फोर्कचा टेकू सुकला किंवा प्रेशर प्लेट संपत आली. पेडल अगदी नेहमीसारखं आहे आणि तरी गिअर पडत नाही: दोष बहुधा बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या धातूच्या कवचाच्या, आत आहे.

हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचंच ऑइल चालतं, डॉट ३ किंवा डॉट ४. कोणतं ते या ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. नावं सारखी दिसतात म्हणून घोटाळा होतो. डॉट ५.१ मात्र ग्लायकॉलच्याच जातीचं आहे. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचची नळी ब्रेकच्या नळीपेक्षा वरच्या पातळीला जोडलेली असते. ऑइल कमी झालं की आधी क्लच जातो, ब्रेक शाबूत राहतो. म्हणून अशा गाडीत क्लचचं पेडल मऊ पडणं ही ब्रेकचीही सूचना समजा. नुसतं ऑइल ओतून पुढे निघू नका, ते गेलं कुठे ते शोधा.

शोधायच्या जागा तीन. पेडलच्या वर, फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) लागून मास्टर सिलिंडर असतो. तिथे पेडलच्या दांडीवर बोट फिरवा. बोट ओलं झालं किंवा चटईवर तेलकट डाग दिसला तर मास्टर गळतोय. गिअरबॉक्सच्या बाहेर स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा) दिसत असेल तर त्याचं रबरी टोपण किंचित बाजूला करा. आत ऑइल साचलेलं असेल तर स्लेव्ह गेला. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या आत, रिलीज बेअरिंगसह इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळला की ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखालून ठिबकतं आणि गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही.

क्लचची हवा काढणे

गळती दुरुस्त केल्यावर किंवा टाकी पूर्ण रिकामी झाली असेल तर हवा काढावीच लागते. दोन माणसं, योग्य प्रतीच्या ऑइलची सीलबंद अर्ध्या लिटरची बाटली, निपलवर (स्लेव्हवरच्या हवा काढायच्या तोंडावर) घट्ट बसणारी हातभर पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली आणि निपलच्या मापाचा रिंगपाना (हे माप बहुधा ८ ते ११ मिलिमीटरमध्ये असतं). उघडलेलं जुनं ऑइल वापरू नका, ते हवेतला ओलावा शोषून घेतं.

१. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा. झाकण सैल ठेवा.

२. नळीचं एक टोक स्लेव्हच्या निपलवर चढवा, दुसरं बाटलीत थोडं ऑइल घेऊन त्यात बुडवा. बुडवलेलं नसेल तर हवा उलटी आत जाईल.

३. मदतनीसाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरायचं. भराभर पंप करू नये, त्याने हवेचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही.

४. निपल पाव ते अर्धा फेरा सैल करा. ऑइल आणि बुडबुडे येतील. प्रवाह थांबला की निपल आवळा.

५. आवळल्यावरच पेडल सोडायचं. या कामात पेडल आपणहून वर येत नाही, ते हाताने किंवा पायाच्या वरच्या बाजूने उचलावं लागतं. इथे नवशिके घाबरतात. घाबरायचं कारण नाही.

६. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हेच चालू ठेवा. दर चार-पाच फेऱ्यांनी टाकी भरा. ती एकदा कोरडी पडली की सगळं पहिल्यापासून.

हे ऑइल रंग उडवतं. बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, फडक्याने चोळू नका. डोळ्यांना चष्मा लावा. गाडीखाली जावं लागणार असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका, स्टँड लावा.

केबलचा क्लच

इथे सगळा खेळ मोकळ्या चालीचा. पेडल हाताने दाबा. प्रतिकार लागेपर्यंत ते जेवढं सहज जातं ती मोकळी चाल. बऱ्याच गाड्यांत ती १० ते २० मिलिमीटर असते, तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत मिळेल. पट्टी लावून मोजा, अंदाजाने नको. चाल जास्त असेल तर पेडल तळाला गेलं तरी फोर्क पुरेसा सरकत नाही आणि गिअर पडत नाही. गिअरबॉक्सकडच्या टोकाला केबलवर नट आणि लॉकनट असतो. लॉकनट सैल करायचा, नट दोन-तीन फेरे फिरवायचा, पेडल पाच-सहा वेळा दाबून पुन्हा मोजायचं.

चाल पार शून्यावर मात्र आणू नका. क्लच मग कायम किंचित दाबलेला राहतो, प्लेट घसरते, रिलीज बेअरिंग अखंड फिरून झिजतं. गिअर छान पडायला लागले म्हणून खूश व्हाल आणि काही महिन्यांत क्लचप्लेट बदलाल. नट शेवटच्या आट्यावर आला तरी चाल कमी होत नसेल, तर केबल ताणून लांब झालीय किंवा आतले तार तुटत चाललेत. ती बदलायची. स्वतः समायोजन करणारी केबल असेल तर तिथे नटच नसतो, थेट बदलायची.

महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी

दमट हवेत गाडी बराच काळ उभी राहिली की क्लच प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. पेडल ठीक, ऑइल ठीक, इंजिन बंद असताना गिअर पडतात, चालू असताना नाही. आधी न्यूट्रलमध्ये इंजिन १५-२० मिनिटं चालवून गरम करा आणि मग बंद करून मोकळ्या मैदानात, समोर भरपूर जागा ठेवून पुढचं करा. दुसरा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. गाडी लगेच चालू लागेल हे धरूनच बसा. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर थोडा द्या, सोडा, थोडा द्या, सोडा. या झटक्यांनी प्लेट सुटते. ब्रेक आणि चावीवर लक्ष ठेवा. गर्दीच्या रस्त्यावर किंवा भिंतीसमोर हा प्रयोग नको. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही तर गिअरबॉक्स उतरवणंच शहाणपणाचं.

बेलहाउसिंगच्या आत आणखी काय बिघडतं: वाकडी झालेली क्लच प्लेट, प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची तुटलेली बोटं, जाम झालेलं पायलट बेअरिंग, चिरलेला रिलीज फोर्क. क्लचचं काम नुकतंच करून आणल्यावर गिअर पडेनासे झाले असतील, तर प्लेट उलटी बसवली गेल्याची शक्यता आधी बोलून दाखवा. प्लेटला दिशा असते. आणि एकदा गिअरबॉक्स उतरवला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र बदलून घ्या. खरी मेहनत उतरवण्याची आहे, एकट्या बेअरिंगसाठी ती दुसऱ्यांदा करायला लावू नका.

दांडा सैल फिरतो किंवा दोन्ही वेळा अडतो

दांडा रिकाम्या पातेल्यातल्या डावासारखा फिरत असेल, कुठल्याच गिअरची खाच हाताला लागत नसेल, तर जोडणी सुटली आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोन केबल असतात. एक दांडा डावी-उजवीकडे नेल्यावर ओळ निवडते, दुसरी पुढे-मागे केल्यावर गिअर टाकते. गिअरबॉक्सकडच्या टोकाला त्या प्लॅस्टिकच्या किंवा रबरी बुशने गोल गुंडीवर बसवलेल्या असतात. बुश फुटला की केबल गुंडीवरून उतरते.

बॉनेट उघडा, इंजिन बंद ठेवा आणि मदतनीसाला दांडा हलवायला सांगा. दोन्ही केबलची टोकं आणि त्यांनी हलणारे लिव्हर यांच्याकडे बघा. टोक हलतं पण लिव्हर हलत नाही, तिथे बुश गेला. टोकच हलत नाही, तर केबल तुटली किंवा दांड्याच्या खालचा सांधा निघाला. उतरलेली केबल गुंडीवर परत दाबून दोन प्लॅस्टिक पट्ट्यांनी बांधली तर दुरुस्तीच्या जागेपर्यंत पोचता येतं. तो कायमचा इलाज नाही, पट्टी इंजिनाच्या उष्णतेत फार टिकत नाही.

एकच ओळ मिळत नसेल, म्हणजे पहिला-दुसरा नाही पण तिसरा-चौथा पडतो, तर ओळ निवडणारी केबल सरकली आहे. तिचं समायोजन हे अर्ध्या तासाचं काम असतं. गिअरबॉक्स उघडायला कोणी सांगत असेल तर आधी ही केबल लावून दाखवायला सांगा.

एकच गिअर कुरकुरतो

दुसऱ्या गिअरचा सिंक्रो लवकर झिजतो, कारण पहिल्यातून दुसऱ्यात जाताना वेगातला फरक मोठा असतो. गाडी चालत असताना फक्त तिथेच खर्र होतं आणि बाकी सगळे स्वच्छ पडतात, तर तो सिंक्रो. दुरुस्तीपर्यंत डबल क्लच करून चालवता येतं: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबून पुढचा गिअर. वरून खाली येताना न्यूट्रलमध्ये असताना ॲक्सिलरेटरला हलका टप्पा द्या.

रिव्हर्सची गोष्ट निराळी. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद जाऊ द्या, अडला तर आधी पहिला टाकून मग रिव्हर्स. दांड्याखालची रिंग वर ओढायची आहे की दांडा खाली दाबायचा आहे, हे प्रत्येक गाडीत वेगळं. नवी गाडी हातात घेतल्यावर झालेल्या निम्म्या 'रिव्हर्स पडत नाही' तक्रारी या रिंगेपाशीच मिटाव्यात.

सकाळी थंड असताना जड आणि दहा मिनिटांनी हलके, असे गिअर पडत असतील तर गिअर ऑइल बघा. लहान फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत ते साधारण दीड ते अडीच लिटर लागतं. ७५डब्ल्यू-८० सांगितलेलं असताना जाड ऑइल भरलं की हाच त्रास होतो. जीएल-४ दर्जाचं ऑइल सांगितलं असेल तर 'वरचा नंबर, जास्त चांगलं' म्हणून जीएल-५ भरू नका; त्यातली जास्त प्रमाणातली गंधकयुक्त द्रव्यं पितळी रिंगांना मानवत नाहीत. ऑइल बदलताना भरायचा बोल्ट आधी उघडा आणि मगच खालचा. भरायचा बोल्ट उघडलाच नाही आणि ऑइल सांडून बसलं, तर गाडी जागेवरच अडकते. सपाटीवर उभ्या गाडीत भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल आलं की पुरे. निचरा बोल्टच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असतोच. धातूचे तुकडे किंवा ऑइलमध्ये सोनेरी चमक दिसली तर सिंक्रो झिजताहेत.

ऑटोमॅटिक: लिव्हर 'पी'मधून निघत नाही

ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर सुटू नये म्हणून तिथे एक विजेचं कुलूप असतं. त्याला ब्रेक दाबल्याचा निरोप देतो ब्रेक लाइटचा स्विच. म्हणून चावी पूर्ण 'ऑन' करा, ब्रेक दाबा आणि मागचे दिवे पेटतात का ते कोणाला तरी बघायला सांगा. तिन्ही दिवे पेटत नसतील तर फ्यूज किंवा स्विच. दिवे पेटताहेत पण लिव्हरपाशी 'टक' असा आवाज येत नाही, तर कुलपाचा सोलेनॉइड (विजेने सरकणारी खिट्टी). बॅटरीही मोजा: पूर्ण भरलेली १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२ च्या खाली गेली तर उतरलेली. बटणाने गिअर बदलणाऱ्या गाड्या अशा बॅटरीवर हटून बसतात.

बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं. हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, झाकण उचकटून आतली कळ चावीच्या टोकाने दाबून धरा आणि लिव्हर 'एन'वर आणा. 'एन'मध्येही इंजिन सुरू होतं. दिवेच पेटत नसतील तर मात्र गाडी रहदारीत नेऊ नका, मागच्याला तुमचा ब्रेक दिसणार नाही.

उतारावर हँडब्रेक न लावता 'पी' टाकला की सगळा भार आतल्या छोट्या खिट्टीवर येतो आणि लिव्हर अडकतो. ब्रेक घट्ट दाबून लिव्हर एका दमात ओढा. उताराच्या बाजूला उभं राहून गाडी ढकलायला कोणालाही सांगू नका. पुढच्या वेळी क्रम असा: ब्रेक, 'एन', हँडब्रेक, ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्या, मग 'पी'.

लिव्हर सरकतो पण गाडी हलत नाही, किंवा 'डी' टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी धक्का बसतो, तर ऑइलची पातळी बघा. डिपस्टिक असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन गरम आणि चालू ठेवून 'पी'मध्ये मोजतात, काही उत्पादक इंजिन बंद करून लगेच मोजायला सांगतात. काळपट आणि जळका वास येणारं ऑइल म्हणजे आतले क्लच घसरताहेत. सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला) तिचंच ऑइल लागतं, साधं एटीएफ (ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल) नाही.

एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. मीटरवर 'एन' लुकलुकत राहिला तर ब्रेक दाबून चावी बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सुरू करा. वरचेवर होत असेल तर बॅटरी, ॲक्च्युएटरचं (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या यंत्राचं) ऑइल आणि स्कॅनरने क्लचचं पुनर्समायोजन या क्रमाने जा. दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत (डीसीटी) तापल्याची सूचना आली तर बाजूला थांबून थंड होऊ द्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय याला कारणीभूत असते.

गाडी हलवायचीच असेल तर

मॅन्युअल गाडी रेल्वे फाटकात किंवा वळणावर अडली आणि क्लच सुटतच नाही, तर इंजिन बंद करून पहिला गिअर टाका, हँडब्रेक सोडा आणि स्टार्टर मारा. गाडी हिसके देत पुढे सरकेल. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, तिथे पेडल दाबूनच करा. थांबायला ब्रेकसोबत चावी बंद. हे धोक्याच्या जागेतून काही मीटर निघण्यापुरतंच, कारण स्टार्टर लवकर तापतो.

टो करताना मॅन्युअल गाडी न्यूट्रलमध्ये चालते. ऑटोमॅटिक गाडीची जी चाकं इंजिनाने फिरतात ती उचललेली हवीत, आणि चारही चाकांवर चालणारी असेल तर पूर्ण गाडीच ट्रेलरवर. एएमटी गिअरमध्येच अडकली असेल तर तीही अशी उचलूनच न्या.

मेकॅनिककडे गेल्यावर 'गिअर पडत नाही' एवढंच सांगू नका. इंजिन बंद असताना पडतात का, कोणता गिअर अडतो, गरम असताना की थंड असताना, पेडल पंप केल्यावर फरक पडतो का आणि टाकीतलं ऑइल किती उतरलंय, ही पाच उत्तरं कागदावर लिहून द्या.